जेठांनी खोली मागितली, वाचनालय कुठे न्यायचं?

पत्र

मावशी, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीतलं सगळ्यात छोटं वाचनालय. ग्रामपंचायतीने समाजमंदिराशेजारची खोली दिली आहे, विजेचं बिल आणि दोन वर्तमानपत्रांचे पैसेही पंचायतच भरते. माझे चुलत जेठ पंचायतीत सदस्य आहेत. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती खोली दूध संकलन केंद्राला द्यायचा आणि वाचनालयाचा खर्च बंद करायचा ठराव ते मांडणार आहेत. “आते हातमा मोबाईल शे, पुस्तके कसाले जोयजेत?” असं पारावर सगळ्यांसमोर म्हणाले. गटारी तुंबल्यात, आधी त्या करा, वाचनालय हवंच असेल तर वर्गणीतून चालवा, असं त्यांचं म्हणणं. मला महिन्याला दोन हजार मिळतात. मी बोलले तर लोक म्हणतील, पगारासाठी बोलते. सासूबाई म्हणतात, जेठासमोर भर सभेत तोंड उघडायचं नाही. आणि खरं सांगू? कधीकधी मलाही वाटतं, गटारीपेक्षा पुस्तकं मोठी आहेत का? काय करू?

– एक ग्रंथपाल, अमळनेर तालुका

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तो मनात सलतोय तोवर सभेत तुमचा आवाज निघणार नाही.

तुंबलेली गटार साफ झालीच पाहिजे. पण वाचनालय बंद केल्याने ती साफ होणार आहे का, एवढं तपासा. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय दिले आहेत. त्यात ग्रंथालयं विसाव्या क्रमांकावर आहेत, आरोग्य आणि स्वच्छता तेविसाव्या. दोन्ही गावाचीच कामं. पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतींना जो निधी आला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिलेला होता, तो दुसरीकडे वळवायची मुभा नव्हती. उरलेला ४० टक्के गावाने आपली गरज पाहून वापरायचा, पण पगारावर नाही. मग गटारीचा पैसा वाचनालयाने खाल्ला हे गणित बसतं कुठे? एका खोलीचं वीजबिल आणि दोन वर्तमानपत्रं वाचवून गटारीचे चार हातही बांधून होणार नाहीत. गटारी का तुंबल्या हा प्रश्न मात्र रास्त आहे. तो तुम्हीही विचारा. वाचनालयाचं बोलणारी बाई गटारीचंही बोलते, हे गावाला दिसू द्या.

आता दुसरी गोष्ट, जी जेठांना बहुधा ठाऊक नसावी. तुमच्या वाचनालयाचं अनुदान पंचायतीच्या तिजोरीतून येत नाही, राज्य सरकारकडून येतं. ‘ड’ वर्गाला पूर्वी वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२-२३ पासून अनुदानात ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ४८ हजार. मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत सरकार देतं, बाकीचा वाटा संस्थेने उभा करायचा. महिन्याला चार हजार म्हणा. त्यात ग्रंथपाल, पुस्तकं, मासिकं, कपाटाची दुरुस्ती, सगळं आलं. हा पैसा बाहेरून गावात येतो आणि वाचनालय चालू आहे म्हणूनच येतो. दार बंद झालं की तो गटारीकडे वळणार नाही, रस्त्याकडे वळणार नाही, गावात यायचाच थांबेल. शिवाय गेलेली सरकारी मान्यता परत मिळवणं सोपं नसतं. २०१२ नंतर बरीच वर्षं राज्यात नव्या ग्रंथालयांना मान्यता देणंच थांबलेलं होतं. आज हातात असलेली मान्यता गावाची मिळकत आहे, ती शेताच्या बांधाइतकी जपायला हवी. सभेत तुमच्या बाजूने कोणाला एकच मुद्दा मांडता येणार असेल तर हा मांडायला सांगा. पुस्तकांवर प्रेम नसलेल्या माणसालाही तो कळतो.

हे अनुदान म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता. आपल्या राज्याच्या कायद्यात एक मोठी उणीव राहिली असं माझं मत आहे. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत घरपट्टीसारख्या करांबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो. तिथे ग्रंथालयाचा पैसा करातच बाजूला निघतो. आपल्याकडे उपकर नाही. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात जे पडेल ते, आणि तेही हप्त्यांनी, उशिरा. म्हणून इथे ग्रंथालयाची बाजू पुन्हा पुन्हा मांडावी लागते, मुंबईतही आणि तुमच्या पारावरही. यात लाजण्यासारखं काही नाही. गावातला प्रत्येक माणूस काडेपेटी घेतानासुद्धा कर भरतो. त्या पैशातला एक छोटा वाटा वाचनाची खोली होऊन गावात परत येतो, तो त्याच्या हक्काचाच आहे.

आणि पगाराचं. ताई, दोन हजार रुपये म्हणजे आठवडाभराच्या निंदणीची मजुरी. तेवढ्यात तुम्ही महिनाभर रोज कुलूप उघडता, झाडता, पुस्तकं देता-घेता, नोंदी ठेवता, तपासणीला कागद लावता. पगारासाठी बोलते असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. ग्रंथपालाचा पगार ही वाचनालयावरची उधळपट्टी नसते, तोच वाचनालयाचा मुख्य खर्च असतो. माणूस नसेल तर ती खोली म्हणजे कुलूपबंद कपाटं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी शाळेसाठी बोलले तर त्यांना कोणी हा टोमणा मारत नाही. तुमचा पगार किती, हे तुम्हीच आधी सभेला सांगा. आकडा ऐकून बोलणारे गप्प होतील, आणि काहींना पहिल्यांदाच कळेल की आपल्या गावात एक बाई एवढ्यावर काम करते.

वर्गणीचा मुद्दा थोडा आदराने घ्यायला हवा, कारण आपल्या खानदेशात दानातून उभी राहिलेली कामं मोठी आहेत. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ पासून आहे. अमळनेरात प्रतापशेठजींच्या दातृत्वातून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला वारले, तर तिथल्या लोकांनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ काढून त्यांची कागदपत्रं सांभाळली. पण दानाचा स्वभाव बघा. दाता इमारत देतो, कपाट देतो, वडिलांच्या नावाने पुस्तकांचा संच देतो. पुढच्या वर्षीच्या जूनमधलं वीजबिल आणि ग्रंथपालाचे बारा पगार कोणी दाता देत नाही. ज्या वर्षी कापसाला भाव नाही, त्या वर्षी वर्गणीच्या वहीत कोण नाव लिहील? आणि नेमकं त्याच वर्षी वाचनालयाची गरज वाढलेली असते, कारण ज्याची शहरातली अभ्यासिका परवडेनाशी होते तो मुलगा गावात परत येतो. वर्गणी जरूर घ्या, संस्थेचा वाटा भरायला ती लागतेच. तिच्यावर दार उघडं ठेवायची भिस्त मात्र ठेवू नका.

मोबाईलचं उत्तर तुम्ही देऊ नका, तुमच्याकडे येणाऱ्यांना द्यायला लावा. तुमच्या लांबलचक पत्रात, मी इथे गाळलेल्या भागात, एक वाक्य होतं: चार-पाच मुली संध्याकाळी पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेचा अभ्यास करायला येतात. घरात मोबाईल आहे, पण तो कोणाच्या हातात असतो? भावाच्या, नाहीतर वडिलांच्या. मुलीच्या हातात तो थोडा वेळ असतो आणि त्यावर चार जणांचं लक्ष असतं. मुलं मोटारसायकल काढून अमळनेरला अभ्यासिकेत जातात, महिन्याचे पैसे भरतात. संध्याकाळी सातला तिथून एकटी परत येणारी मुलगी किती घरांना चालेल? तिच्यासाठी गावातली ही खोली हीच अभ्यासिका आहे. तिथे टेबल आहे, उजेड आहे, शांतता आहे, आणि घरच्यांचा विश्वास आहे, कारण तिथे तुम्ही आहात. मोबाईलमध्ये यातलं काय येतं? म्हाताऱ्या माणसांचंही तसंच. बारीक अक्षर त्यांना पडद्यावर दिसत नाही, वर्तमानपत्राची घडी मात्र ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, आणि वाचता वाचता शेजारच्याशी बोलतात.

आता जेठांच्या बाजूने एक गोष्ट, जी ते सभेत बोलतीलच. ग्रंथालयं कागदावर चालतात, असा आरोप महाराष्ट्रात नवा नाही आणि खोटाही नाही. २०१२ साली सरकारने महसूल यंत्रणेकडून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी करवून घेतली. तेव्हा दाराला कुलूप आणि वहीत वाचक अशी ग्रंथालयं निघाली. त्या लबाडांमुळे प्रामाणिक ग्रंथालयांची अनुदानवाढ किती वर्षं रखडली, हे या क्षेत्रातल्या माणसांना विचारा. मला त्याचा आजही संताप येतो. तेव्हा हा आरोप आला की रागावू नका. दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही पिशवीत घालून सभेला न्या आणि सरपंचांच्या टेबलावर ठेवा. कोणालाही कुठलंही पान उघडू द्या. अजून तीनेक आठवडे आहेत, तर आजपासून एक साधी वही वेगळी घाला. त्यात रोज कोण आलं, किती वेळ बसलं आणि काय मागितलं ते लिहा. ‘पुस्तक नेलं’ एवढंच नव्हे. कोणी पीकविम्याची बातमी शोधत आलं, कोणी शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा विचारलं, कोणी जुन्या अंकातली जाहिरात पाहायला आलं, सगळं लिहा. जे मागितलं आणि तुमच्याकडे नव्हतं, तेही लिहा. वाचनालय चालू असल्याचा याहून भक्कम पुरावा नाही, आणि पुढच्या वर्षी कोणती पुस्तकं घ्यायची याची यादीही त्यातच तयार होते.

आणि ही वही तुम्हाला एक नावडती गोष्टही सांगेल, ती ऐका. तुम्ही लिहिलंय की वाचनालय दुपारी बारा ते तीन उघडं असतं, कारण तेव्हा तुमचं घरचं काम आवरलेलं असतं, आणि मुलींसाठी संध्याकाळी तुम्ही आपणहून येता. ताई, दुपारी बारा ते तीन गाव शेतात असतं. ऑगस्टमध्ये निंदणी, कोळपणी. दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी सुरू झाली की बाया सकाळी जातात त्या दिवस मावळताना येतात. त्या वेळेत उघड्या असलेल्या दारातून आत कोण येणार? जेठांना वाचनालय ओस दिसतं, कारण ते दुपारी पारावर बसून बघतात. संस्थेच्या कार्यकारी मंडळाकडून वेळ बदलून घ्या, तसं जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना रीतसर कळवा, आणि ज्या संध्याकाळी तुम्ही फुकट राबता त्यांनाच कामाची वेळ करा. दाराबाहेर वेळेची पाटी ठळक लावा. शक्य झालं तर आठवड्यातून एक दिवस बायांसाठी ठेवा, बचत गटाची बैठक तिथेच घ्यायला सांगा. बैठकीला आलेल्या दहाजणींपैकी दोघी तरी जाताना काहीतरी वाचायला नेतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलाने आणि नातेवाइकाने कागदावर उतरवली म्हणून ती टिकली, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. अक्षर न येणाऱ्या बाईलाही वाचनालयाचा उपयोग असतो, फक्त तिच्या वेळेला दार उघडं हवं.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं मराठी साहित्य संमेलन झालं. तीन दिवस मांडव भरला, आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. तुम्हीही गेला असाल. मला मात्र तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटतं की त्या तीन दिवसांइतकंच वजन तुमच्या खोलीतल्या वर्षभराच्या संध्याकाळींना आहे. संमेलनाच्या कमानीखाली फोटो काढून घेणाऱ्या तालुक्यातल्या पुढाऱ्यांनी गावोगावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांचं वीजबिल कोण भरतं, हे एकदा विचारायला हवं होतं.

खोलीची वाटणी सुचवली जाईल. सकाळ-संध्याकाळ दूध, मधल्या वेळेत पुस्तकं. ‘सगळ्यांचं समाधान’ म्हणून लोक लगेच माना डोलावतील. इथे तुम्ही ठाम राहा. दूध केंद्रात कॅन धुतले जातात, फरशी सतत ओली राहते, माशा येतात. ओल लागलेल्या कपाटात बुरशी आणि कसर शिरायला एक पावसाळा पुरतो. शिवाय दूध घालायची वेळ आणि मुलींच्या अभ्यासाची वेळ एकच. दूध केंद्र गावाला हवंय, त्याबद्दल वाद नाही. त्यासाठी दुसरी जागा शोधायला तुमच्या मंडळाने जेठांना मदत करावी. एखादं पडीक सरकारी बांधकाम, सोसायटीचं गोडाऊन, कोणाचा रिकामा ओटा, गावात काहीतरी निघतंच. दोन नावं हातात घेऊनच बोलायला जा.

बोलायला जा म्हणाले, ते घरी. सासूबाई म्हणतात त्यात मला थोडं तथ्य दिसतं. भर सभेत भावजयीने जेठांना खोडून काढलं तर ठराव बाजूला राहील आणि गावाला चार महिने पुरेल एवढा विषय मिळेल. सभेच्या आधी, तुमच्या यजमानांना बरोबर घेऊन, त्यांच्या घरी जा. ‘दादा, दूध केंद्राला जागा बघितलीय’ इथून सुरुवात करा. मग ४८ हजारांचं सांगा. त्यांना गावापुढे मान खाली घालायला लागणार नाही अशी वाट ठेवा. ठराव मागे घेण्याऐवजी ते तो बदलून मांडू शकतात: दूध केंद्राला अमुक जागा, वाचनालयाला हीच खोली. दोन्ही कामांचं श्रेय त्यांना मिळू द्या. त्यात तुमचं काहीही जात नाही.

१२ ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस. भारतातल्या ग्रंथालय चळवळीला शास्त्राची बैठक देणारा हा माणूस, म्हणून देशभर तो दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. सभा तीन दिवसांनी आहे. त्या संध्याकाळी सरपंच, सदस्य आणि जेठांना वाचनालयात चहाला बोलवा. भाषण ठेवू नका. मुली अभ्यास करत असू द्या, म्हातारे पेपर वाचत असू द्या.

ते ऐकले नाहीत तर? कायद्याने नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. अनेक गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. तुमच्या गावात ती खरोखर भरेल हे बघा, अंगणवाडीताई आणि बचत गटाच्या बायांना आधी भेटा. तिथे जेठ नसतील, सासूबाईंचीही हरकत नसेल, आणि तिथे तुम्ही मोकळेपणाने सगळं बोला. वाचनालयाची खोली कायम ठेवावी असा ठराव तिथे झाला की तो मुख्य सभेपुढे येतो, आणि मग तो एका भावजयीचा राहत नाही, गावातल्या बायांचा होतो. मुख्य सभेत बोलायला मात्र दोघांना तयार ठेवा: भरतीची तयारी करणारी एक मुलगी आणि रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा.

गणपूर्तीचं लक्षात असू द्या. गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती न जमल्याने सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते. अशा वेळी पंधरा-वीस जणांत ठराव होऊन जातात. सभा तहकूब झाली म्हणून निर्धास्त होऊन घरी बसू नका, पुढच्या तारखेलाही तीच माणसं घेऊन जा.

ठराव काहीही होवो, आजवर ही खोली तुम्हाला तोंडी मिळाली होती की लेखी, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जाऊन जुनी इतिवृत्तं काढून बघा. लेखी ठराव सापडला तर त्याची नक्कल घ्या. नसेल तर संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीने अर्ज द्या: खोली नाममात्र भाड्याने वाचनालयाकडे ठेवावी आणि वीज व वर्तमानपत्रांचा खर्च पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात धरावा. अर्जाला वेळापत्रक, सभासदांची संख्या आणि अनुदानाच्या शेवटच्या हप्त्याचं पत्र जोडा. पोच घ्या, एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पाठवा. हे काम या आठवड्यातच करा, कारण सभेचा अजेंडा निघाल्यावर दिलेला अर्ज पुढच्या सभेवर ढकलला जातो.